गाठ पूर्ण निघाली का, एवढंच विचारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या मेंदूजवळच्या ऑपरेशनच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात आणि मी त्या आवर्जून वाचते, कारण माझी सगळी नोकरी न्यूरोसर्जरीच्या थिएटरमध्ये आणि नंतर लहान मुलांच्या आयसीयूत सिस्टर म्हणून गेली. बातमी साधारण एकाच साच्यातली असते, इतक्या तासांचं ऑपरेशन, इतक्या सेंटीमीटरची गाठ, नाकातून दुर्बीण घालून काढली, कॅन्सर नव्हता, गाठ पूर्ण निघाली, मूल हसत घरी गेलं. ह्यातलं काही खोटं असतं असं मी अजिबात म्हणत नाही, त्या टीमने जीव ओतून काम केलेलं असतं आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण ज्या आई-बाबांच्या हातात नुकताच एमआरआयचा रिपोर्ट पडलाय ते पण हीच बातमी वाचत असतात आणि त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न पक्का बसतो, की आमच्या मुलाची पण पूर्ण काढाल ना? मग डॉक्टर जर म्हणाले की थोडी ठेवावी लागेल तर त्यांना वाटतं हा डॉक्टर कच्चा आहे, चला दुसरीकडे. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर हे बोलणं मी कितीतरी वेळा ऐकलंय. म्हणून हे पत्र. लांबलंय खूप, पण विषयच असा आहे की दोन ओळीत सांगितला तर उलटा अर्थ निघतो.

आधी जागा समजून घ्या, मी ज्या गाठींबद्दल बोलतेय त्या कवटीच्या तळाशी होतात. कवटीचा तळ म्हणजे मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो ते हाड, डोळ्यांच्या मागे, नाकाच्या वर, दोन कानांच्या मधे. ह्या हाडाला बरीच भोकं असतात, त्यातून डोळे हलवणाऱ्या, चेहरा हलवणाऱ्या, ऐकायच्या, गिळायच्या नसा बाहेर येतात, आणि मेंदूला रक्त देणाऱ्या दोन्ही बाजूच्या कॅरोटिड नावाच्या मोठ्या रक्तवाहिन्या आत जातात. मधोमध पिट्युइटरी ग्रंथी, जेमतेम सेंटीमीटरभर, पण शरीराचे बरेचसे हार्मोन तिच्या हुकमावर चालतात. तिच्या वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात, आणि त्यांच्याही वर हायपोथॅलॅमस, जो भूक, तहान, झोप, अंगाचं तापमान सांभाळतो. एवढं सगळं काही सेंटीमीटरच्या जागेत. म्हणून इथली गाठ कॅन्सरची नसली, दुसरीकडे कुठे पसरणारी नसली, तरी ती दाबते कशाला आणि चिकटलीय कशाला ह्यावर सगळं अवलंबून असतं. दंडावरची अशी गाठ असती तर काढून टाके घातले आणि विषय संपला असता.

आणि ह्या गाठी मुळात फार कमी मुलांना होतात, त्यामुळे बऱ्याच डॉक्टरांना सुद्धा त्या आयुष्यात एक-दोनदाच दिसतात किंवा दिसतच नाहीत. ह्यात कोणाचा दोष नाही. पण त्यामुळेच पहिलं पाऊल चुकायची शक्यता जास्त असते.

नाकाच्या मागे होणाऱ्या अँजिओफायब्रोमा नावाच्या गाठीचंच बघा. ही जवळजवळ फक्त मुलग्यांना होते आणि तीही वयात येण्याच्या आसपास. एका बाजूचं नाक कायम चोंदलेलं आणि त्याच बाजूने पुन्हा पुन्हा घोळणा फुटतो. घरचे म्हणतात सर्दी आहे, नाकात बोटं घालतो, होईल बरं. मग कधीतरी कोणीतरी आत बघतं, लालसर गोळा दिसतो आणि वाटतं की जरासा तुकडा काढून तपासायला पाठवावा. तेच करायचं नसतं! ही गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असते आणि त्या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायूचा थर नीट नसतो, त्यामुळे कापल्यावर त्या आखडत नाहीत आणि रक्त थांबता थांबत नाही. वय, लक्षणं आणि सीटी, एमआरआय एवढ्यावर निदान होतं, तुकडा लागतच नाही. वयात येणारा मुलगा, एकाच बाजूचं नाक बंद आणि त्याच बाजूने रक्त, एवढं जमलं की आधी स्कॅन, मग बाकीचं. ऑपरेशनच्या एक ते तीन दिवस आधी मांडीच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांद्या बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात, आणि मग दुर्बिणीने गाठ काढतात. गाठ डोळ्याच्या मागे किंवा कवटीच्या आत शिरलेली असेल तर गणित अजून वेगळं होतं.

रक्ताचा विषय निघालाच आहे तर हे सांगितलंच पाहिजे, कारण बाहेर कोणाला ह्याची कल्पना नसते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मुलात किलोमागे 70 ते 80 मिली धरतात, म्हणजे 20 किलोच्या मुलात सगळं मिळून दीड लिटर. त्यातलं 300 मिली गेलं की पाचवा हिस्सा गेला. म्हणून मुलांच्या केसला आम्ही रक्ताने भिजलेला प्रत्येक मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, वजनकाट्यावर ठेवायचो, कोरड्या मॉपचं वजन वजा करायचो, एक ग्रॅम म्हणजे एक मिली, आणि तो आकडा बोर्डावर लिहून भुलीच्या डॉक्टरांना मोठ्याने सांगायचो. सक्शनच्या, म्हणजे रक्त ओढून घेणाऱ्या नळीच्या, बाटलीत जखम धुतलेलं सलाईन पण साठतं, ते किती वापरलं ते वेगळं लिहून वजा करायचं. थिएटरमध्ये मॉनिटरचा आवाज आणि मधेमधे हा आकडा, बाकी कोणी फारसं बोलत नाही. चांगला सर्जन गाठीतून नजर न काढता तो आकडा ऐकत असतो. गाठ अर्धी आत असताना, हात चालत असताना, केवळ तो आकडा ऐकून थांबणारे सर्जन मी बघितलेत, पॅकिंग करून, म्हणजे रक्त थांबायला जागा दाबून भरून, म्हणाले आज इथेच थांबायचं, राहिलेलं दुसऱ्या टप्प्यात. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की पूर्ण नाही निघाली, तेव्हा नातेवाईकांचे चेहरे उतरले. माझ्या मते त्या दिवशी आत जे झालं ते त्या सर्जनच्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी एक होतं, आणि ते कुठल्याही बातमीत येणार नाही.

अजून एक छोटी गोष्ट, पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी. काही बाळांच्या नाकाच्या दांडीवर, अगदी मधोमध, एक बारीकसा खळगा असतो, कधी त्यातून एखादा केस आलेला असतो, कधी चिकट पांढरं काहीतरी येतं. दिसायला इतकं किरकोळ की बसल्या बसल्या काढून टाकू असं वाटेल. ती डर्मॉइड सिस्ट असू शकते आणि तिची मुळी कधीकधी कवटीच्या आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असते. आधी स्कॅन न करता वरचा भाग कापला तर आतला राहतो, आणि जंतू आत गेले तर मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे येणारी सूज. बस, एवढंच, आधी स्कॅन.

आता नाकातून ऑपरेशन ह्या गोष्टीबद्दल, कारण बातमीत तेच सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं. नाकाच्या वाटेने पिट्युइटरीपर्यंत जाणं ही काही कालची गोष्ट नाही. 1907 मध्ये श्लोफर ह्यांनी ऑस्ट्रियात हे पहिल्यांदा केलं, पुढे कुशिंग ह्यांनी शेकडो केसेस केल्या आणि नंतर स्वतःच कवटी उघडून करण्याकडे परत वळले, 1960 च्या दशकात कॅनडात हार्डी ह्यांनी मायक्रोस्कोप आणला, 1990 च्या दशकात दुर्बीण आली. पण खरी अडचण शेवटपर्यंत वेगळीच होती, की कवटीच्या तळाला मोठं भोक पाडल्यावर ते बुजवायचं कशाने? मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळत राहतं आणि त्याच वाटेने जंतू वर जातात. 2006 मध्ये अर्जेंटिनातल्या हदाद आणि बस्सागास्तेगी ह्यांच्या नावाचा फ्लॅप आला, म्हणजे नाकाच्या मधल्या पडद्यावरचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट सोडवून घ्यायचं आणि भोकावर फिरवून बसवायचं, जिवंत ठिगळ. त्यानंतर गळतीचं प्रमाण खूप खाली आलं आणि मोठ्या गाठी पण नाकातून काढता यायला लागल्या.

पण हे सगळं आधी मोठ्या माणसांवर घडलं. मूल म्हणजे लहान साइझचा मोठा माणूस नाही. नाकपुडीच एवढीशी असते की दुर्बीण आणि दोन हत्यारं एकत्र जाणं मुश्कील. पिट्युइटरीच्या पुढे जी स्फेनॉइड नावाची पोकळी असते, ज्यातून मोठ्यांमध्ये सरळ रस्ता मिळतो, ती बाळात नसतेच, दोन-तीन वर्षांनंतर तयार व्हायला लागते आणि वयात येईपर्यंत वाढत असते, त्यामुळे लहान मुलात ते भरीव हाड ड्रिल करत जावं लागतं, आणि त्या हाडाच्या दोन्ही बाजूंना कॅरोटिड. तो फ्लॅप सुद्धा साधारण दहा वर्षांच्या आतल्या मुलात अपुरा पडू शकतो कारण नाकाचा पडदा अजून पूर्ण वाढलेला नसतो. मग मांडीच्या स्नायूवरचं आवरण, चरबी, दुसरीकडचं अस्तर अशी तयारी आधीच करून ठेवावी लागते. आणि चेहऱ्याची हाडं वाढायची असतात तो हिशोब वेगळाच. म्हणून नाकातून म्हणजे सोपं आणि कवटी उघडून म्हणजे जुनाट, असं डोक्यात ठेवू नका. गाठ डोळ्याच्या नसेच्या किंवा कॅरोटिडच्या बाहेरच्या बाजूला गेलेली असेल तर नाकातून तिथे पोचणंच अवघड, तिथे वरून जाणं हेच मुलासाठी जास्त सुरक्षित असू शकतं. वाट गाठीची जागा बघून ठरते. डोक्यावरचा व्रण केसात झाकला जातो, गेलेली नजर कशाने झाकणार?

आणि आता ज्या गाठीसाठी मी मुख्यतः हे लिहायला बसले ती, क्रॅनिओफॅरिंजिओमा. नाव अवघड आहे पण आमच्या वॉर्डात सगळे नुसतं क्रॅनिओ म्हणायचे. आईच्या पोटात पिट्युइटरी तयार होताना ज्या पेशी मागे राहून जातात त्यातून ही होते. सगळ्या वयांचे लोक धरले तर दर दहा लाखांमागे वर्षाला 0.5 ते 2 जणांना, आणि मुलांमध्ये साधारण 5 ते 14 ह्या वयात. ती हळूहळू वाढते म्हणून उशिरा कळते. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5-6 सेंटीमीटर वाढायला पाहिजे, ते वाढत नाही, वर्गातल्या रांगेत पुढे पुढे सरकत जातं. सारखी तहान, रात्री उठून लघवी, सकाळची डोकेदुखी, उलट्या. पुस्तक जवळ धरतं म्हणून चष्मा लावला जातो आणि चष्म्याने फरक पडत नाही, कारण नंबरचा प्रश्नच नसतो, नस दाबली जात असते. ह्यातलं एक लक्षण हजार मुलांना असतं, त्याने घाबरू नका, पण दोन-तीन एकत्र आली आणि उंचीचा आलेख आडवा झाला तर थांबू पण नका.

ही गाठ आतून कशी असते ते मी खूपदा बघितलंय. काही भाग चुनखडीसारखा कडक, आणि काही भाग पाण्याने भरलेली पिशवी. पिशवीला छेद दिला की सक्शनच्या पारदर्शक नळीतून काळपट तपकिरी तेलकट पाणी येतं आणि थिएटरच्या लाइटखाली त्यात कोलेस्टेरॉलचे कण चमचम करतात. पिशवी रिकामी झाली की डोळ्याची नस मोकळी होते, कधीकधी मूल आयसीयूत जागं झाल्यावर लगेच सांगतं की आता नीट दिसतंय. इथपर्यंत सगळं छान. अवघड आहे ती पिशवीची भिंत. ती वर हायपोथॅलॅमसला चिकटलेली असते, बोटं रुतवावीत तशी आत गेलेली. मायक्रोस्कोपखाली ती ओढून काढता येते. प्रश्न असा आहे की तिच्याबरोबर काय निघून येतं.

एक काळ होता, मायक्रोस्कोप आल्यानंतरचा, की शक्य तितकी पूर्ण गाठ काढायची हेच बऱ्याच ठिकाणी ध्येय होतं, आणि त्यामागचा विचार चुकीचा नव्हता, राहिलेली गाठ परत वाढते आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं कारण सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. स्कॅन स्वच्छ यायचा. मूल घरी जायचं. आणि मग काही महिन्यांत ते मूल ओळखू येईनासं व्हायचं, वजन थांबता थांबेना, पोट भरल्याचं कळेना, दिवसा झोप रात्री जाग, चिडचिड, आठवण कमी. हायपोथॅलॅमसला इजा झाली की हे होतं. ह्या गाठीच्या मुलांमध्ये साधारण निम्म्यांना असला लठ्ठपणा येतो, काहींना गाठीमुळेच, बऱ्याच जणांना ऑपरेशननंतर वाढतो. आणि कुठलंही डाएट त्याच्यावर धड चालत नाही.

म्हणून विचार बदलला. पॅरिसमध्ये प्युजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये एमआरआयवरून हायपोथॅलॅमस किती गुंतलाय त्याच्या पायऱ्या पाडल्या, गुंतला नसेल तर पूर्ण काढायचा प्रयत्न करा, गुंतला असेल तर तेवढा भाग ठरवून सोडा. सोडलेल्या भागावर नंतर रेडिएशन, साधारण 54 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), रोज थोडं थोडं असं सहा आठवडे, शक्य तिथे प्रोटॉनचं, कारण प्रोटॉनचा मारा गाठीच्या पलीकडे फारसा जात नाही. मूल अगदी लहान असेल तर रेडिएशन लांबवतात, वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम जास्त. रेडिएशन काही फुकट मिळत नाही, पिट्युइटरीचे उरलेले हार्मोन कमी होतात, रक्तवाहिन्या आकसू शकतात, कित्येक वर्षांनी दुसरी गाठ होण्याचा थोडा धोका राहतो. पण गाठ आटोक्यात ठेवण्यात दोन्ही वाटा जवळपास सारख्या ठरल्यात, आणि 10 वर्षांनी सुद्धा सुमारे 90 टक्के मुलं जिवंत असतात. म्हणजे मूल जगणार आहे, पुढे शाळा, कॉलेज, नोकरी सगळं आहे. मग ते कसं जगणार हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच विचारायला नको का?

ह्याचा अर्थ अर्धवट सोडलं तरी चालतं असा कोणी काढू नका, मी हात जोडून सांगते. ठरवून सोडणं आणि जमलं नाही म्हणून सोडणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या टीमला ह्या गाठींची सवय नाही तिने भीतीपोटी नुसती पिशवी रिकामी करून बाहेर यायचं आणि वर म्हणायचं की सुरक्षित ऑपरेशन केलं, हे पण होतं, आणि मग ते मूल दुसऱ्या ठिकाणी येतं तेव्हा सगळं चिकटलेलं असतं, पहिल्या खेपेला जे करता आलं असतं ते आता येत नाही. पहिलं ऑपरेशन हीच सगळ्यात चांगली संधी असते. म्हणून पालकांनी विचारायचा प्रश्न असा हवा, की काय ठेवणार, का ठेवणार, आणि ठेवलेल्याचं पुढे काय करणार. ह्याचं उत्तर ऑपरेशनच्या आधी मिळालं पाहिजे आणि ते एकट्या सर्जनकडून नाही, तर न्यूरोसर्जन, नाक-कान-घशाचे सर्जन, मुलांचे हार्मोनचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर ह्यांनी एकत्र बसून दिलेलं हवं. डोळ्यांची तपासणी आणि सगळे हार्मोन आधी बघितले नसतील आणि वेळ हातात असेल तर थांबून ते करून घ्या. डोक्यात पाणी वाढलंय किंवा नजर रोज कमी होतेय तर गोष्ट वेगळी, तिथे घाई करावीच लागते.

काही वेळा तर चाकू न लावणं हाच इलाज असतो. फायब्रस डिस्प्लेझिया म्हणून एक प्रकार आहे, हाडच चुकीचं तयार होतं आणि फुगतं, डोळ्याच्या नसेभोवतीचा बोगदा अरुंद झालेला स्कॅनमध्ये दिसतो आणि सगळे घाबरतात. पण नजर चांगली असेल तर केवळ भीतीने तो बोगदा मोकळा करायला जाऊ नये असाच आता सल्ला आहे, कारण बहुतेकांची नजर तशीच चांगली राहते आणि त्या ऑपरेशनमध्येच नस दुखावू शकते. दर काही महिन्यांनी डोळे तपासायचे. वय वाढलं की बऱ्याचदा त्याची वाढ मंदावते. पालकांना काही न करणं सगळ्यात जड जातं, हे मला समजतं.

आता ऑपरेशन नंतरचं. इथे मी आयसीयूतली सिस्टर म्हणून बोलते. क्रॅनिओचं मूल वर आलं की आमची पहिली नजर लघवीच्या पिशवीवर. दर तासाला मोजायची, लिहायची, दर थोड्या तासांनी रक्तातलं सोडियम. पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखी लघवी धो धो होते, कारण पाणी धरून ठेवायचं हार्मोन बंद पडलेलं असतं. ह्याला डायबिटीस इन्सिपिडस म्हणत आलेत, शुगरशी त्याचा काही एक संबंध नाही, आणि हाच गोंधळ जिवावर बेतू नये म्हणून 2022 मध्ये ह्याचं नाव सुद्धा बदललं. मग काही मुलांमध्ये चार-पाच दिवसांनी लघवी एकदम कमी होते आणि घरच्यांना वाटतं बरं झालं, तेव्हाच सगळ्यात जास्त डोळ्यात तेल घालून बसायचं असतं, कारण साठलेलं हार्मोन एकदम सुटतं, सोडियम घसरतं आणि फिट येऊ शकते. त्यानंतर परत लघवी वाढते आणि बहुतेकदा ती कायमची. मग डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्याच हार्मोनच्या जागी द्यायचं औषध, रोज. रात्रपाळीला ज्या सिस्टरने हा तक्ता नीट ठेवला तिने सर्जनइतकंच त्या मुलाला वाचवलंय, हे मी अभिमानाने सांगते. तेव्हा टीम चांगली आहे का बघताना नुसता सर्जन बघू नका, तिथे मुलांचा आयसीयू आहे का आणि रात्री तीन वाजता सोडियमचा रिपोर्ट मिळतो का हे पण बघा.

घरी गेल्यावर नाकातून ऑपरेशन झालेल्या मुलाने नाक शिंकरायचं नाही, जोर करायचा नाही, आणि खाली वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपटपलं किंवा घशात खारट लागलं तर सर्दी समजून बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. ज्यांचं कॉर्टिसोल, म्हणजे आजारपणाचा ताण सोसायला लागणारं हार्मोन, बंद पडलंय त्यांना त्याऐवजी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी रोज, आणि ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिलेला वाढीव डोस, उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन आणि दवाखाना, ह्यात उद्या बघू चालत नाही. हे शाळेला, घरच्यांना, जिथे मूल राहायला जातं त्या सगळ्यांना लेखी माहीत हवं.

आणि त्या मुलाच्या वजनावर बोलू नका. मला ह्या एका गोष्टीचा फार त्रास होतो. एवढं मोठं ऑपरेशन पार करून आलेलं पोर, आणि नातेवाईक म्हणतात हावरट झालाय, शिक्षक म्हणतात आळशी आहे, आईला म्हणतात तुम्ही लाड करता. भूक थांबवणारी जागाच दुखावलीय त्याची. तहानलेल्या माणसाला कोणी शिस्त शिकवत नाही, ह्याला का शिकवता? घरात सगळ्यांनी मिळून खाण्याची सोय तशी ठेवायची, हालचाल सांभाळायची, हार्मोनच्या डॉक्टरांकडे नियमित जायचं, आणि बोलणारी तोंडं बंद करायची. ती बंद झाली तर आई निदान शांतपणे औषधं तरी देऊ शकेल.

तर संपादक महोदय, तुमच्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की गाठ किती मोठी होती आणि किती तास लागले हे जरूर लिहा, पण त्याबरोबर एवढं विचारा: ऑपरेशनच्या आधी आणि नंतर नजर किती होती, कुठले हार्मोन कायमचे घ्यावे लागणार, काही भाग ठरवून ठेवलाय का, आणि पुढचा स्कॅन कधी. डॉक्टर आनंदाने सांगतील, त्यांना हे कोणी विचारतच नाही. आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याच मुलाची पालकांची परवानगी घेऊन नाव-फोटो न छापता परत चौकशी करा. तुमची ती बातमी वाचून एखादा बाप डॉक्टरांना बरोबर प्रश्न विचारेल.

पालकांना शेवटी एकच काम सांगते. डिस्चार्जच्या वेळी नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन येऊ नका, ऑपरेशन नोटची कॉपी मागा, तुमचा हक्क आहे तो, आणि सगळ्या स्कॅनच्या सीडी, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, डोळ्यांचे चार्ट एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा, मोबाइलमध्ये पण फोटो काढून ठेवा. ह्या गाठी कित्येक वर्षांनी परत डोकं वर काढतात, तोपर्यंत तुमचं मूल मोठ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेलं असतं, आणि नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच लागतं की पहिल्या वेळी आत काय सोडलं होतं, कुठल्या बाजूला आणि का.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर